तापाआधीचे सहा आठवडे

“सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

वाक्य साधं होतं, आवाज मऊ होता, आणि म्हणणारी मुलगी आदबीने उठून उभीसुद्धा राहिली होती. तरी सरांना ते ऐकू येऊन कळायला वेळ लागला. जिना संपलेला असताना आणखी एक पायरी आहे अशा समजुतीने पाय टाकावा आणि तळव्याला सपाट फरशी लागून सगळं अंग हादरावं, तसं काहीतरी त्यांना झालं. त्यांनी आधी पलंगाकडे पाहिलं. त्यांची बायको दोन उशांना टेकून बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. एकोणीस दिवसांच्या तापाने तिचा चेहरा लहान झाला होता, कान मात्र तेवढेच राहिले होते. मग त्यांनी डॉक्टरणीकडे, आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. तिने पेनाला टोपण लावून ते वहीवर आडवं ठेवलं होतं. वहीचं पान जवळजवळ कोरं होतं.

“मी? मी कशाला?” सर म्हणाले. “मी सगळं सांगतोय की तुला.”

“तेच ना, सर,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगताय.”

बायकोने खिडकीवरची नजर काढली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. सरांना तो दिसला. ते उठले, खुर्ची जागच्या जागी सरकवली, आणि दाराबाहेर येऊन बाकावर बसले. मागे दार हलक्या हाताने लागलं.

हा बाक त्यांनीच मागवला होता. बावीस वर्षांपूर्वी, प्रत्येक खोलीबाहेर एक, असा कागदी पाठपुरावा करून. वॉर्डातल्या मुलांना ते सांगायचे, हिस्टरी, म्हणजे रोग्याची हकिकत, घ्यायची तर पहिलं काम कोणतं? मुलं म्हणायची, नाव विचारायचं, वय विचारायचं. नाही, सर म्हणायचे, पहिलं काम म्हणजे नातेवाइकाला बाहेर बसवायचं. तो कितीही चांगला असो, काळजीचा असो, रडवेला असो. त्याच्यासाठी बाहेर बाक आहे. रोग्याला स्वतःच्या तोंडाने स्वतःचे दिवस सांगू द्या. मुलं हसायची. सर प्रश्न फार विचारतात म्हणून त्यांनी त्यांचं नाव प्रश्नोबा ठेवलं होतं, आणि हे नाव आपल्याला ठाऊक नाही असं सरांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत मोठ्या निष्ठेने दाखवलं होतं. बाक टणक होता. पाठीला एक पट्टी रुतत होती. इतकी वर्षं इथे माणसं बसली, कोणी तक्रार केली नाही, हे त्यांच्या मनात आलं. आणि मग असंही आलं की बाकाबद्दल तक्रार करण्याच्या मनःस्थितीत इथे कोण बसलं असेल?

हा नियमही त्यांनी हौसेने केला नव्हता. फार पूर्वी एक शाळामास्तर आला होता, तापाने फणफणलेला, डोळे लाल, पोटऱ्या ठणकत असलेल्या. सोबत त्याचा थोरला भाऊ. भाऊ भला माणूस होता, स्पष्ट बोलायचा, तारखा नीट सांगायचा. भाऊ सांगत गेला आणि सर लिहीत गेले. घर, शाळा, घर, शाळा. बाहेरचं खाणं नाही, पाण्यात जाणं नाही. मास्तर एक-दोनदा काही बोलायला गेला तेव्हा भाऊ मायेने म्हणाला, तू नको त्रास करून घेऊस, मी सांगतो. पाचव्या दिवशी मास्तर गेला. नंतर शाळेच्या शिपायाने सांगितलं की शाळेची तळघरातली टाकी उंदरांनी घाण केली होती आणि मास्तर दोन रविवार एकटाच गुडघाभर पाण्यात उतरून ती साफ करत होता. भावाला आवडलं नसतं म्हणून घरी बोलला नाही. उंदरांच्या मुताने येणारा ताप. वेळेवर कळला असता तर साध्या औषधाने बरा झाला असता. सरांनी तो केसपेपर पुष्कळ दिवस जपून ठेवला होता. त्यातलं अक्षर सुरेख होतं. एकही खाडाखोड नव्हती.

आणि आज? आज त्यांनी किती प्रश्नांची उत्तरं दिली? सवयीने ते मोजायला लागले. डॉक्टरणीने विचारलं होतं, सहा आठवड्यांत कुठे प्रवास? नाही, सर म्हणाले. घरात जनावर? कधीच नव्हतं. कच्चं दूध? आमच्या घरात? छे! असं म्हणून ते हसलेसुद्धा होते. कोणी आजारी माणूस सहवासात? नाही. पक्षी, पिंजरे, कबुतरं? नाही. बाहेरचं पाणी? नाही. दिवसभर काय करता? घर, वाचनालय, थोडी चित्रं. सात. सातही वेळा प्रश्न पलंगाकडे बघून विचारलेला होता आणि उत्तर खुर्चीतून आलं होतं. सातही वेळा ती खिडकीबाहेर बघत होती. मास्तरच्या भावाचा चेहरा त्यांना आता आठवेना, नुसता आवाज आठवत होता, आणि तो आवाज त्यांच्या स्वतःच्या आवाजासारखा व्हायला लागला होता.

व्हरांड्यात दुपारआधीचं सुस्त ऊन पडलं होतं. कोणीतरी लांब चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक दर फेऱ्याला बारीक कुरकुरत होतं. सरांनी डोळे मिटले. रोग्याचे दिवस एकेक करून मांडायचे, मागून पुढे, ही त्यांची पद्धत. मुलांना ते सांगत, लहान मुलाची हरवलेली पेन्सिल शोधता ना, तसं शोधा. शेवटची कधी होती, मग कुठे गेलात, मग कुठे. ताप ही घाईची गोष्ट नाही. तो अंगात शिरतो तेव्हा दार वाजवत नाही. शिरतो, आठ-पंधरा दिवस गुपचूप बसतो, कधी वीस, कधी त्याहून जास्त, आणि मग एके सकाळी माणसाला थंडी वाजते. म्हणून आजचं विचारू नका, मागचं विचारा. मागचे सहा आठवडे.

ठीक. बायकोचे मागचे सहा आठवडे. पहिला सोमवार. सकाळी ती उठली, चहा झाला, वर्तमानपत्र झालं. मग दहा वाजता ती बाहेर गेली. वाचनालयात. दोनला आली. मंगळवार घरी. बुधवार घरी, दुपारी रंग. गुरुवारी पुन्हा दहा वाजता वाचनालय, दोनला परत. दुसरा सोमवार. चहा, वर्तमानपत्र, दहा वाजता वाचनालय. सर थांबले. कोणतं पुस्तक आणलं होतं तिने? त्यांनी टेबल डोळ्यांसमोर आणलं, तिच्या उशाजवळचा छोटा कप्पा आणला, बैठकीच्या खोलीतली खिडकीची कड आणली. कुठेही पुस्तक नव्हतं. तिसरा सोमवार. पुस्तक नाही. गेल्या वर्षभरात तिच्या हातात वाचनालयाचा शिक्का असलेलं एखादं तरी पुस्तक त्यांनी पाहिलं होतं का? आठवड्यातून दोन दिवस, चार-चार तास. ते हिशेबनीस नव्हते, पण एका वर्षात असे किती तास झाले हे मनात आल्यावाचून राहिलं नाही, आणि त्या तासांवर पांढऱ्या कागदाशिवाय काहीच नव्हतं.

ती नकाशे काढायची. तीस वर्षं तिने जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढले, नदीची एक रेघ, रस्त्याच्या दोन, विहिरीचं टिंब. तिथे एकदा तिच्या वरिष्ठाने विचारलं होतं की कडेचा एवढा भाग कोरा का सोडला, तर ती म्हणाली होती, तिकडे अजून कोणी गेलेलं नाही, मी काय मनाने डोंगर काढू? ही गोष्ट सर लोकांना अभिमानाने सांगत. आता बाकावर बसून त्यांना वाटलं की आपण मात्र सात वेळा मनाने डोंगर काढले.

मग हळूहळू, पाण्याच्या तळाशी पडलेल्या वस्तू नजर स्थिरावल्यावर दिसाव्यात तशा काही गोष्टी दिसायला लागल्या. तिच्या लोकरी जाकिटाच्या कडेला अडकलेली वाळक्या गवताची काडी. ती त्यांनी स्वतः काढून टाकली होती. फळांच्या खोक्यातली असेल असं समजून. बोटांवरचा पिवळा-तपकिरी डाग, तीन दिवस न गेलेला. तो रंगाचा असेल. एके गुरुवारी ती आली तेव्हा तिच्या केसांना एक वास होता, ओलसर, कोमट, थोडा धुराचा, थोडा कसला तरी. नाक म्हणालं होतं, हा वास मला माहीत आहे, आणि डोकं म्हणालं होतं, वाचनालयात रंगकाम चाललं असेल. तिचा जुना पावसाळी कोट दिसेनासा झाला होता. आणि ती गुणगुणायची. हे तर त्यांनी चक्क ऐकलं होतं. भांडी विसळताना ती गुणगुणायची आणि सर बैठकीच्या खोलीत बसून विचार करायचे, हिला आताशा बरं वाटतंय. पण का वाटतंय, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. माणसाला बरं का वाटतं हा त्यांच्या वहीतला प्रश्नच नव्हता.

भीतीसुद्धा वाटली, खोटं का बोला. ती आधी लहान होती, मग वाढली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एखादी स्त्री आठवड्यातून दोनदा खोटं बोलून कुठे जाते? त्यांनी अनेक रोग्यांना हे विचारलं होतं, शांत चेहऱ्याने, पेन खाली ठेवून. रविवारी दुपारी तुम्ही कुठे असता? आणि माणसं आधी भिंतीकडे बघत आणि मग सांगत. त्यांना आठवलं, सांगून झाल्यावर प्रत्येक माणूस थोडा हलका व्हायचा, ताप तसाच असला तरी. ते हलकेपण आपण दिलं असं त्यांना वाटायचं. घरी कोणी हलकं होत होतं का?

घरी ते यादी वाचायचे. हे त्यांना आज पहिल्यांदा असं एका शब्दात दिसलं. नव्या संसारात तिने मांजराचं पिल्लू आणायचं म्हटलं तेव्हा त्यांनी मांजरापासून होणाऱ्या रोगांची नावं सांगितली होती, हसतहसत, बोटांवर मोजत. तिच्या मैत्रिणीकडे तिने धारोष्ण दूध प्यायलं आणि ओठावरचा फेस पुसत घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी रात्रीचं जेवण होईपर्यंत दुधातून येणाऱ्या तापाबद्दल सांगितलं. एकदा सहलीत एक गुहा लागली होती. आत हजारो वटवाघळं आहेत असं वाटाड्या म्हणाला आणि तिचे डोळे मोठे झाले. सर तोंडाला रुमाल लावून बाहेर उभे राहिले आणि आतल्या धुळीत काय काय असतं ते तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. ती दोन पावलं आत गेली, थांबली, परत आली. परतीच्या वाटेवर म्हणाली होती, “तुमच्याबरोबर जग बघायचं म्हणजे हातमोजे घालून फळ खाण्यासारखं आहे.” तेव्हा दोघंही पोटभर हसले होते. सरांनी ते वाक्य वर्गात कितीतरी वेळा सांगून हशा मिळवला होता. आता ते वाक्य पुन्हा आलं आणि त्याच्या आत बसलेली बाई त्यांना दिसली. ती हसत नव्हती.

आणि तिची झडप. लहानपणीच्या एका आजारात तिच्या हृदयाची एक झडप जून झाली होती, कडेने जरा दुमडलेली. एरवी काही त्रास नाही. पण तापाला जायला जागा हवी असते, आणि दुमडलेली कड ही फार चांगली जागा. रक्ताची तपासणी तीनदा झाली होती, तिन्ही वेळा जंतू वाढवायच्या बशीत काहीही उगवलं नव्हतं. यकृत थोडं बिघडलेलं. डोकं दुखतं, घाम येतो, पुन्हा थंडी. बशीत न उगवणारे ताप मोजके असतात, आणि त्यांतला कुठला हे फक्त रोग्याच्या तोंडून कळतं. अजून झडपेवर काही बसलेलं दिसत नाही, काल तपासणाऱ्याने म्हटलं होतं. त्या ‘अजून’वर सर रात्रभर टेकून होते.

त्यांनी डोळे उघडले. दाराच्या वरच्या भागाला काच होती, आणि बाकाच्या टोकाला सरकलं की काचेतून पलंगाची बाजू दिसत होती. आपण बघायला नको हे त्यांना माहीत होतं. ते सरकले.

आवाज येत नव्हता. डॉक्टरीण पाठमोरी होती. बायको मात्र समोर दिसत होती, आणि ती बोलत होती. गेल्या एकोणीस दिवसांत ती इतकी बोलली नव्हती. तिचे हात पांघरुणातून बाहेर आले होते आणि हवेत काहीतरी करत होते. सरांनी आयुष्यभर माणसांचे हात पाहिले होते. पोट दुखतं म्हणणारा एका बोटाने दाखवतो की पूर्ण पंजाने, यावरून ते अर्धं निदान करायचे. हे हात त्यांना कळेनात. आधी उजवा हात पुढे गेला, सावकाश, बोटं एकत्र मिटून, जणू अरुंद तोंडाच्या बरणीत. डोळे मिटलेले. मग हात थांबला, आत काहीतरी चाचपलं. मग दोन्ही हात मिळून काहीतरी ओढायला लागले, सरळ नाही, तिरकं, खालच्या बाजूला, थांबून थांबून, जणू समोर कोणी श्वास घेतंय आणि त्याच्या श्वासाबरोबरच ओढायचं आहे. दोरी? विहिरीतली बादली? लोकर? सरांचं डोकं आठवणींचे सगळे कप्पे उघडत होतं. मग ती हवेत काहीतरी पुसायला लागली, जोरात, दोन्ही हातांनी. आणि मग तिने दोन मुठी जवळ जवळ धरल्या, एक खाली लोंबणारं ओझं धरल्यासारख्या, आणि ते ओझं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झोके दिल्यासारखं हलवलं.

हे मात्र त्यांनी पाहिलं होतं. सहा-सात वर्षांचे असताना, मामाच्या घराशेजारी, कुंपणाच्या फटीतून. एक बाई चिखलात उभी राहून एक ओलं, काळं, लांबट काहीतरी मागच्या पायांना धरून झुलवत होती, झुलवत होती, आणि छोटा मुलगा कुंपणाला नाक लावून श्वास रोखून बघत होता. ते करडू होतं. शेळी व्याली होती, आणि करडू श्वास घेत नव्हतं म्हणून बाई त्याच्या छातीतलं पाणी काढत होती. तो वास, ओलसर, कोमट, थोडा धुराचा. कुंपणाच्या फटीतून तो वास चौसष्ट वर्षं चालत आला होता आणि एका गुरुवारी तिच्या केसांतून त्यांच्या नाकाशी येऊन थांबला होता, आणि त्यांनी त्याला रंगकाम म्हटलं होतं.

शेळ्या. आठवड्यातून दोनदा ती शेळ्यांकडे जात होती. कोणाच्या, कुठे, कशी, काही ठाऊक नाही. शेवटच्या बस थांब्यापलीकडे गोठे आहेत हे त्यांना माहीत होतं. गवताची काडी गोठ्यातली. पिवळा-तपकिरी डाग आयोडीनचा, करडाच्या नाळेला लावतात तो. त्यांच्या डोक्यात सगळं खटाखट जागेवर बसत गेलं आणि त्याचा त्यांना क्षणभर जुना, निर्लज्ज आनंद झाला. शेळीच्या वेताबरोबर येणारा ताप. शेळी धडधाकट दिसते, पण व्याल्यावर तिची वार पडते तेव्हा त्यात, त्या पाण्यात, त्या ओल्या गवतात तो असतो, हवेतून श्वासात जातो, दोन-तीन आठवडे गप्प बसतो. साध्या बशीत उगवत नाही. औषध साधं आहे. पण झडप दुमडलेली असेल तर तो तिथे जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं बसतो. आज सुरू केलं पाहिजे. आज, आत्ता. निकालाची वाट न बघता.

सर उठले. दारापर्यंत गेले. हात कडीवर ठेवला. आत डॉक्टरीण काही लिहीत नव्हती. पेन टोपणासकट वहीवर तसंच पडलेलं होतं आणि ती हाताच्या तळव्यावर हनुवटी टेकून नुसती ऐकत होती, गोष्ट ऐकणाऱ्या मुलीसारखी. कळलं का तिला? शेवटच्या वर्षाच्या तुकडीत होती ही, मागच्या रांगेत. प्रश्न विचारल्यावर मान खाली घालायची. शेळीचा ताप आपण त्या वर्षी शिकवला होता का? एक तास सुट्टीमुळे बुडाला होता. तो हा तास तर नव्हता? नुसतं दार उघडून एक शब्द टाकायचा. एवढंच. एका शब्दाने काय होणार आहे?

तेवढ्यात बायकोने वर पाहिलं.

काचेतून दोघांची नजर भेटली. तिचे हात हवेत होते, काहीतरी छोटं, थरथरणारं त्यांत धरलेलं होतं. ते हात हळूहळू खाली आले आणि पांघरुणावर उताणे पडले. तोंड मिटलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. गुहेच्या तोंडाशी दोन पावलं टाकून थांबलेली बाई होती ती. डॉक्टरणीने मागे वळून पाहिलं नाही. ती तशीच बसून राहिली, हनुवटी तळव्यावर, जणू हात पुन्हा वर येईपर्यंत तिला सगळा दिवस मोकळा आहे.

सरांनी कडीवरचा हात काढला. त्यांना तो काढताना जड वाटला, दुसऱ्या कुणाचा उचलून बाजूला ठेवल्यासारखा. ते परत बाकाशी आले आणि काचेकडे पाठ करून बसले. समोर भिंत होती. भिंतीवर रंगाचे पापुद्रे उठले होते. त्यांनी पापुद्र्यांकडे बघायचं ठरवलं. एक पापुद्रा बेटासारखा होता, एक चपलेसारखा. तिला नसेल कळलं तर? तर बाहेर आल्यावर सांगता येईल. तासाभराने काय बिघडतं? बिघडतं, त्यांच्या आतला प्रश्नोबा म्हणाला, मास्तरचं बिघडलं होतं. पण मास्तरला बोलू दिलं नव्हतं, सर त्याला म्हणाले. इथे बोलणं चाललंय. ते एवढंच मनात घोळवत राहिले, बोलणं चाललंय, बोलणं चाललंय, आणि कान मागच्या दाराला लावून बसले. बराच वेळ काही नव्हतं. चाकाची खुर्ची कुरकुरत परत गेली. मग दारापलीकडून तिचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, फक्त चढउतार. पाण्याखालून ऐकू यावं तसा. मग ती हसली. मग डॉक्टरीण हसली. समोरचं पापुद्र्यांचं बेट जरा धूसर झालं.

दार उघडलं तेव्हा किती वेळ गेला होता कोण जाणे. सर उठून उभे राहिले, नातेवाईक उठतात तसे.

“आजपासून गोळ्या सुरू करतेय, सर,” डॉक्टरीण म्हणाली. “आत्ताच पहिली. रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जाईल, पण त्यासाठी थांबत नाही. आणि झडपेसाठी औषध लांबवावं लागेल. वर्षभर तरी.”

तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं, झडपेसकट.

“कोणता ताप?” त्यांनी विचारलं. माहीत असून विचारलं. सवय.

ती थोडी अवघडली. “त्या स्वतः सांगणार आहेत म्हणाल्या. मी सांगायचं नाही, असं कबूल करून घेतलंय माझ्याकडून.”

“बरं.”

“आणखी एक म्हणाल्या.” तिने हसू दाबलं. “म्हणाल्या, मध्ये एक शब्द जरी बोलले तरी मी झोपून जाईन.”

“झोपेल,” सर म्हणाले. “तिला येतं ते. बसल्या जागी झोपते.”

“मग जपून, सर,” डॉक्टरीण म्हणाली आणि वही छातीशी धरून निघून गेली. चार पावलांवर थांबली, वळली. “शेवटच्या वर्षी तुमचा एक तास बुडाला होता. तो मी घरी वाचून काढला होता,” एवढं म्हणून ती कोपऱ्यावरून वळली.

आत खोली उन्हाने भरली होती. खुर्ची मघाच्याच जागी होती. सर बसले, हात मांडीवर ठेवले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

“काचेतून बघत होतात.”

“हो.”

“लाज नाही वाटत?”

“वाटली. म्हणून पाठ फिरवली.”

“ते दिसलं मला,” ती म्हणाली. “वाचनालयात जाते म्हणायचे ना, तिथे मी जात नव्हते. वाचनालय बंद होऊन वर्ष झालं. दारावर पाटी आहे, तुम्ही त्याच रस्त्याने चालायला जाता रोज.”

पाटी त्यांनी पाहिली नव्हती.

“बंद दिसलं म्हणून त्या दिवशी मी बसमध्ये बसले आणि शेवटपर्यंत गेले. उतरले तर समोर शेळ्या. सव्वीस. एक बाई एकटी सगळं बघते, माझ्याहून म्हातारी, एक डोळा अधू. मला म्हणाली, उभी काय राहिलीस, हे धर. आणि माझ्या हातात दोरी दिली.” तिचा आवाज तापाने घोगरा झाला होता, पण त्यात काहीतरी चमकत होतं. “अहो, मला कोणी इतक्या वर्षांत असं म्हटलंच नव्हतं. हे धर. सगळे म्हणायचे, हात लावू नकोस.”

सरांनी मान हलवली. त्यांच्या आत शब्द रांगेने उभे होते, वार, पाणी, गवत, धूळ, हात धुतलेस का, कितीदा धुतलेस, कोट कुठे आहे, तो उकळत्या पाण्यात घालायला हवा, त्या म्हातारीलाही तपासायला हवं, तिलाही ताप असेल. सगळे बरोबर शब्द होते. सगळे आज ना उद्या लागणार होते. ते त्यांनी दातांमागे धरून ठेवले.

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला यादी वाचून दाखवली असती.”

“हो,” सर म्हणाले.

“आणि यादी खरी असती. तेच तर. खोटी असती तर भांडता आलं असतं.” तिने डोळे मिटले. झोपली की काय असं सरांना वाटलं, आपण ‘हो’ म्हटलेलं शब्दात धरलं की काय. पण ती पुढे बोलू लागली, डोळे मिटूनच. “पांढरी शेळी होती. तिचं पहिलंच वेत. दोन झाली, मग बाई म्हणाली अजून एक आहे, पण आडवं आहे, माझा हात जाड आहे, तू घाल. मी घातला. कोपरापर्यंत. आत इतकं गरम असतं. मला एक पाय लागला, मग कळेना हा पुढचा की मागचा. तिने सांगितलं, गुडघा कुठल्या बाजूला वळतो ते बघ. मी डोळे मिटले आणि नकाशा काढला मनात. हा पाय, ही मान, हे डोकं. मग ओढलं. ते आलं बाहेर, पण निपचित. पुसलं, झुलवलं, काही नाही. बाई म्हणाली, जाऊ दे, आई तरी वाचली. मला जाऊ देववेना. मी त्याच्या नाकपुड्यांवर तोंड लावलं आणि फुंकर घातली. एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा.”

इथे ती थांबली. डोळे उघडले आणि सरळ सरांकडे पाहिलं, वाट बघत. ताप कुठून शिरला ते आता तिने स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवलं होतं. सरांना ते दिसत होतं, नाकपुड्या, तोंड, तो ओला श्वास, तिचा श्वास, दुमडलेली झडप. आयुष्यभराचा प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला, किती वेळ, किती दिवसांपूर्वी, नंतर तोंड धुतलंस का.

“मग?” सर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला, कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या मुलाचा. “जगलं का ते?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पांघरुणाखालून तिचा एक पाय बाहेर आला, आणि तिने पलंगाखाली काढून ठेवलेल्या चपलांकडे बोट केलं. डाव्या चपलेचा पट्टा अर्धाच उरला होता, कडा चावून चावून चिंध्या झालेला.

“आठव्या दिवशी,” ती म्हणाली, “मी वैरण टाकत होते, तर मागून येऊन हे केलंन.”